लोणारचा खार आणि आवर्तसारणीचा पहिला गण

लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम, सिझिअम, फ्रान्सिअम. हा गण तुमचा पाठ असणारच. बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तो पटकन देऊन टाकायची घाई, म्हणून पाण्याशी जोरदार अभिक्रिया आणि निसर्गात शुद्ध धातू कधीच सापडत नाही. परीक्षेला एवढं पुरतं, संशोधनाला पुरत नाही. का, ते लोणारच्या इतिहासात बघा.

हिंगोलीहून पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यात, बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं हे सरोवर. इथून काच आणि साबणासाठी लागणारा माल मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. तो माल मुख्यतः सोडिअम कार्बोनेटचा. त्याच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावं होती.

पण 'खार' हा शब्द आपण सरसकट वापरतो. सरोवरातला तोही खार आणि केळीच्या राखेतून काढलेला तोही खार, ज्यात पोटॅशिअम जास्त. युरोपातही हे दोन बराच काळ एकच समजले जात. १८व्या शतकाच्या मध्यात मार्ग्राफने ज्योतीच्या रंगावरून फरक दाखवला: सोडिअमची पिवळी, पोटॅशिअमची जांभळट. मग ऑक्टोबर १८०७ मध्ये डेव्हीने विजेच्या साहाय्याने आधी पोटॅशिअम आणि काही दिवसांतच सोडिअम वेगळं केलं.

आता खरा प्रश्न. दोघंही एकाच गणातले, दोघांचे क्षार पाण्यात विरघळतात, मग लोणारला सोडिअमच का साठलं? एक तर दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशिअमपेक्षा सोडिअम जास्त. दुसरं, खडक झिजून सुटलेलं पोटॅशिअम चिकणमाती धरून ठेवते, वनस्पतीही उचलतात. सोडिअम पाण्याबरोबर वाहत जातं. कॅल्शिअम कार्बोनेटच्या रूपात खाली बसतं. सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही, ते फक्त उन्हाने आटतं. मागे राहतो सोडिअमचा खार.

म्हणजे गणाचं साम्य सांगतं की दोन्ही धातू संयुगातच सापडतील. कुठे कोणता सापडेल, हे मात्र त्यांच्यातल्या फरकावर ठरतं, आणि संशोधनाचा प्रश्न तिथेच सुरू होतो. म्हणून जुन्या कागदात 'खार' दिसला की लगेच रासायनिक सूत्र लिहू नका. आधी विचारा, तो तळ्यातून आला की राखेतून?