एटी आज्ञा (मोबाईल मोडेम)

मोबाईलच्या जाळ्यातून इंटरनेट घेणाऱ्या मोडेमला मजकुराच्या एकेका ओळीने द्यायच्या सूचना. जवळजवळ प्रत्येक ओळ ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होते. ‘अटेन्शन’ या शब्दाचा तो संक्षेप. कवायतीत ‘सावधान’ म्हणावे तशी हाक. (या नोंदीत आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीत व इंग्रजी अंकांत लिहाव्या लागतात.)

डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या अमेरिकी कंपनीने १९८१ मध्ये स्मार्टमोडेम बाजारात आणला, तेव्हा ही भाषा जन्मली. तो मोडेम सेकंदाला जेमतेम ३०० बिट पाठवी. मात्र ज्या तारेतून माहिती जायची तिच्यातूनच मोडेमला हुकूमही देता येऊ लागला, ही त्यातली खरी झेप. हेज कंपनी १९९९ मध्ये संपली. भाषा टिकली, कारण जीएसएम या मोबाईल प्रणालीच्या मानकाने ती उचलली आणि पुढे मोबाईल मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या २७.००७ या दस्तऐवजात तिला नियमांची चौकट मिळाली.

संगणकाला डोंगल (यूएसबी मोडेम) जोडले की सहसा अनेक सिरियल पोर्ट दिसतात; त्यांतले सगळेच आज्ञा ऐकत नाहीत. मिनीकॉमसारख्या टर्मिनलमधून नुसते ‘एटी’ लिहून एंटर दाबावे आणि ‘ओके’ येते का ते पाहावे. उत्तर आले नाही तर पोर्ट चुकला असेल, किंवा टर्मिनल ओळीच्या शेवटी मोडेमला हवे असलेले कॅरेज रिटर्न हे चिन्ह पाठवत नसेल.

मग सिम. ‘एटी+सीपिन?’ला ‘रेडी’ असे उत्तर हवे. पिन मागितला तर अंदाजाने आकडे टाकू नयेत. तीन चुकांनंतर सिम कुलूपबंद होते आणि ते उघडायला पीयूके हा वेगळा संकेतांक लागतो. ‘एटी+सीएसक्यू’ सिग्नल सांगते: ० ते ३१, आणि ९९ आले तर मोजमापच नाही. १० म्हणजे उणे ९३ डीबीएम. फोरजीवरील नोंदणी ‘एटी+सीईरेग?’ने कळते. उत्तरातला दुसरा आकडा १ असेल तर आपल्या कंपनीचे जाळे, ५ असेल तर रोमिंग, ३ असेल तर नोंदणी नाकारलेली.

मुख्य काम एपीएनचे. कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचे ते नाव. जिओचे ‘जिओनेट’, बीएसएनएलचे ‘बीएसएनएलनेट’. आज्ञा अशी: एटी+सीजीडीकॉन्ट=१,"आयपी","जिओनेट". यातला १ हा जोडणीचा क्रमांक, ‘आयपी’ हा पत्त्याचा प्रकार. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही हवे असतील तर तिथे ‘आयपीव्ही४व्ही६’ लिहितात.

इथेच सर्वांत जास्त फसगत होते. नावातले एखादे अक्षर चुकले तरी मोडेम ‘ओके’ म्हणतो. तो ते नाव फक्त लिहून घेतो. तपासते ते जाळे, आणि तेही जोडणी मागितल्यावर. फोरजीत पहिल्या क्रमांकाची जोडणी बहुधा नोंदणीच्या वेळीच होते, म्हणून नाव बदलल्यावर ‘एटी+सीफन=०’ने रेडिओ बंद करून ‘एटी+सीफन=१’ने पुन्हा चालू करावा. ‘एटी+सीएमईई=२’ आधीच देऊन ठेवले तर नुसत्या ‘एरर’ऐवजी कारण शब्दांत मिळते. जुन्या पद्धतीने डायल करायचे असल्यास ‘एटीडी*९९***१#’; उत्तर ‘कनेक्ट’.

खात्रीसाठी ‘एटी+सीजीपॅडर=१’ विचारावे. आयपी पत्ता दिसला, तरच जाळ्याने जोडणी दिली असे धरावे.

सिम८००एल हे छोटे, स्वस्त मॉड्यूल विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसते. ते फक्त टूजीवर चालते आणि जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेच टूजीशिवाय, त्यामुळे कितीही आज्ञा दिल्या तरी त्यावर जिओचे सिम नोंदले जात नाही. जिओचे फोरजी वापरायचे असेल, तर मॉड्यूल घेण्यापूर्वी त्याच्या माहितीपत्रकात ३, ५ आणि ४० हे बँड आहेत का ते पाहून घ्यावे.