तारप्याचा श्वास

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील तारपा हें मुळांत मैफलीचें वाद्य नव्हे. वाळलेल्या भोपळ्याला बांबूच्या दोन नळ्या व ताडाच्या पानांचा कर्णा जोडून सांधे मेणानें बुजवितात. वादक नाकानें श्वास घेत असतांनाच गालांत कोंडलेली हवा फुंकतो. म्हणून स्वर तुटत नाहीं. त्याच्याभोंवतीं वारली स्त्रीपुरुषांची सांखळी फिरते. त्यानें चाल बदलली कीं पावलें बदलतात, आणि ती केव्हां बदलावी हें त्याला त्या पावलांवरूनच उमगतें.

ही चाल गिटारीवर उतरवावयाची झाली तर? तार छेडतांच स्वर विरूं लागतो. स्पेनच्या फ्लामेंको वादकांनीं बोटांचे झपाटे आणि एकाच स्वराचे जलद आघात यांनीं ती उणीव झांकली. तेथेंही गिटार आधीं गाण्यानाचण्याची सोबतीण. रामोन मोन्तोया (१८७९–१९४९) यानें तिच्या एकल वादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

कोजी कोन्दो या जपानी संगीतकारानें १९८५ सालीं ‘सुपर मारिओ’ या पडद्यावरील खेळाला दिलेलें संगीत खेळणारा पुढें जाईपर्यंत फिरून फिरून वाजतें. हल्लीं तेंही गिटारीवर ऐकूं येतें. खेळणाराच नसल्यामुळें आवर्तनें किती, हें वादक ठरवितो. आणि दोन-चार जास्तच घेतो!

वाळवंडें (ता. जव्हार) येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठीं २०२६ सालीं पद्मश्री किताब जाहीर झाला. तारप्याची चाल उतरवूं पाहणाऱ्या गिटारवादकानें आधीं अशा वादकाभोंवतीं रात्रभर फेर धरावा. स्वरलेखन मागाहून करावें.