शेवटच्या नंबरचे गाणे

१८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरासमोर ‘आफोन्सु द आल्बुकेर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका भारतीय नौदलापुढे निकामी झाली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. लिस्बनने मात्र ते मान्य करायला तेरा वर्षे लावली. त्या मान्यतेच्या वाटेवर मला एक गाणे दिसते.

युरोव्हिजन गीतस्पर्धेसाठी प्रत्येक देशाची प्रसारणसंस्था आपले गाणे निवडते. पोर्तुगालने १९६४ पासून त्यासाठी गीतमहोत्सव सुरू केला. १९७४ साली पाउलु द कार्व्हाल्यु यांचे प्रेमगीत निवडले गेले आणि ब्रायटनला अवघे ३ गुण मिळवून तळाशी राहिले. तेच गाणे २४ एप्रिलच्या रात्री लिस्बनच्या रेडिओवर वाजले. बंडखोर सैनिकांसाठी ती ठरलेली खूण होती! दुसऱ्या दिवशी हुकूमशाही कोसळली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत आपले यशवंतराव चव्हाण आणि मारियु सुआरिश यांनी करारावर सह्या केल्या. गोवा भारताचा, हे पोर्तुगालने अखेर लिहून दिले.