पेट्रोनस : हरिण, मांजर आणि मौला

गेल्या रमजानमध्ये सहरीनंतर माझी भाची हॅरी पॉटरचे सातवे पुस्तक घेऊन बसायची. आपाला ते पसंत नव्हते. जादूची किताब, तीही रोजात! मग प्रकरण माझ्याकडे आले. “मामू, पेट्रोनस यानी जिन्न है क्या?” भाचीने विचारले. मी नाही म्हणालो. तिचा पुढचा सवाल मात्र अवघड होता. “फिर वो अम्ब्रिज जैसी खराब औरत कू कैसा मिला?”

ज्यांनी ही पुस्तके वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जे. के. रोलिंग यांच्या कथेत डिमेंटर नावाचे काळे झगेवाले प्राणी आहेत. ते जवळ आले की थंडी भरते आणि माणसाच्या मनातला आनंद आटतो. त्यांच्यावर इलाज एकच. आयुष्यातली सर्वांत सुखाची आठवण मनात धरून मंत्र म्हणायचा. छडीतून चांदीसारखा प्रकाश निघतो आणि तो एखाद्या प्राण्याचे रूप घेतो. हाच पेट्रोनस. हॅरीचा शिंगवाला नर-हरिण, हर्मायनीचा पाणमांजर, डम्बलडोरचा फिनिक्स पक्षी.

जादूचे सोडा, मला या शब्दाचे कुतूहल आहे. रोलिंग विद्यापीठात फ्रेंचसोबत ग्रीक-लॅटिन वाङ्मयही शिकल्या होत्या. ‘पेट्रोनस’ हा रोमचा रोजच्या व्यवहारातला लॅटिन शब्द आहे. ‘पाटेर’ म्हणजे बाप, त्यावरून पाट्रोनुस म्हणजे पाठीराखा. गुलामाला मुक्त केले की जुना धनी त्याचा पाट्रोनुस होई. न्यायालयात आरोपीच्या बाजूने उभा राहून बोलणाराही पाट्रोनुसच. त्याने फी घेऊ नये, असा कायदा रोममध्ये इसवी सनापूर्वी २०४ मध्ये झाला होता. तो किती पाळला गेला, हे वकिलांना ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावे.

इ. स. पूर्व ८० मधला एक खटला पाहा. सेक्स्टस रोशियस नावाच्या माणसावर बापाचा खून केल्याचा आरोप होता. बापाची मालमत्ता हुकूमशहा सुल्लाच्या मर्जीतल्या क्रिसोगोनसने लिलावात लाटली होती. साठ लाख सेस्टर्सची जायदाद दोन हजारांत, असे सिसेरोने भाषणात सांगितले. सुल्लाच्या धाकाने मोठमोठे वकील गप्प बसले. २६ वर्षांचा सिसेरो उभा राहिला आणि रोशियस सुटला. पाट्रोनुसचा अर्थ मला या खटल्यात सगळ्यांत स्पष्ट दिसतो.

आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे ‘मौला’. अरबीत गुलामाला आझाद करणारा मौला आणि आझाद झालेलाही मौला. जैद बिन हारिसा हे प्रेषितांचे (स.) मौला होते. आणि दुआत आपण अल्लाहला मौला म्हणूनच पुकारतो. ‘जिन्न है क्या’ या प्रश्नाचे खरे उत्तर मला इथे सापडले. पेट्रोनस म्हणजे पाठीराखा. प्राणी हा त्याचा फक्त आकार.

पण आकारही उगाच आलेला नाही. हॅरीचे हरिण घ्या. हे हरिण सापाचा वैरी आहे, हा समज फार जुना. पहिल्या शतकातल्या प्लिनीने लिहिले की ते श्वासाने सापाला बिळातून ओढून काढते. ‘फिजिओलोगस’ या ग्रीक ग्रंथात ते बिळात पाणी ओतून सापाला बाहेर काढते आणि मारते. तिथे साप म्हणजे सैतान आणि हरिण म्हणजे ख्रिस्त. आपल्या दमिरीने चौदाव्या शतकात ‘हयातुल हयवान’ लिहिले, त्यातही हरणाला साप खाण्याची हौस आहे. हे वास्तवात खरे नाही, पण कैरोपासून लंडनपर्यंत लोक ते खरे मानत होते. हॅरीचा शत्रू सापांशी बोलतो, हे वाचकांना आठवत असेलच.

रोलिंग यांनी मात्र त्यात घरची गोष्ट मिसळली. हॅरीचा मेलेला बाप जेम्स हरणाचे रूप घेऊ शकत होता. १९९९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पुस्तकात तळ्यापलीकडून कोणीतरी पेट्रोनस सोडून हॅरीला वाचवते. त्याला वाटते, तो बापच. नंतर काळात मागे जाऊन तो त्याच काठावर वाट पाहतो. बाप येत नाही. मग मंत्र त्याला स्वतःलाच म्हणावा लागतो. ‘पाटेर’चा इतका नेमका वापर मी दुसऱ्या कादंबरीत वाचलेला नाही.

स्नेपची हरिणी वाचताना मला निजामी गंजवी आठवला. ११८८ च्या त्याच्या ‘लैला मजनू’त मजनूला एक शिकारी भेटतो. जाळ्यात हरणे असतात. मजनू आपला घोडा देऊन ती सोडवतो, कारण त्यांचे डोळे लैलासारखे आहेत. पुढे रानातली जनावरे त्याच्याभोवती राहतात आणि तो मेल्यावर त्याच्या देहाचा पहारा करतात. स्नेपही लिलीला विसरलेला नाही. तिचेच डोळे असलेल्या मुलाचे तो रक्षण करतो आणि मरताना त्या डोळ्यांत पाहू मागतो. रोलिंग यांनी निजामीतून उचलले, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. गंजा आणि इंग्लंड यांच्यात काही शतके आणि बरेच वाळवंट आहे. पण गमावलेल्या माणसाला हरणाच्या रूपात जपणे दोघांनाही सुचले.

आता भाचीचा अवघड सवाल. सातव्या पुस्तकात अम्ब्रिज एका आयोगाची प्रमुख आहे. ज्यांचे आईबाप जादूगार नाहीत, त्यांनी आपण चोर नाही हे सिद्ध करायचे. मेरी कॅटरमोल नावाच्या बाईचे आईबाप भाजीवाले. तिला विचारतात, ही छडी कोणाकडून घेतलीस? ती सांगते, अकरा वर्षांची असताना विकत घेतली. कोणी ऐकत नाही. खोलीत डिमेंटर आहेत. आणि मंचासमोर अम्ब्रिजची चांदीची मांजर फेऱ्या मारते आहे. तिच्यामुळे थंडी विचारणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. ती सगळी आरोपीच्या वाट्याला.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. पेट्रोनस चांगुलपणा तपासत नाही, सुख तपासतो. अम्ब्रिज त्या खुर्चीत मनापासून सुखी होती. रोमच्या न्यायालयात पाट्रोनुस आरोपीशेजारी उभा राहायचा. इथे तो मंचावर गेला आहे आणि आरोपीची बाजू रिकामी आहे. मग वेष बदलून आलेला हॅरी अम्ब्रिजला बेशुद्ध करतो, मांजर विझते, आणि हरिण खाली आरोपीच्या बाजूला झेप घेते. हर्मायनीचे पाणमांजरही येते. त्यांच्या मागोमाग बाहेर ताटकळलेले बाकीचे आरोपीही निघतात.

भाचीला हे सांगितले तेव्हा आपा सेवया भाजत होती. ऐकत नाही असे दाखवत होती. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, “वो भाजीवाले की बेटी का फिर क्या हुआ?”

मी सांगितले, हॅरीने तिला मुलांना घेऊन निघायला सांगितले. गरज पडली तर देशही सोड म्हणाला.

“और गयी?”

भाचीने पाने मागे-पुढे केली. ते त्यात कुठेच नव्हते.