तळटीप : ‘मुंबई मंडळ’

* मुंबई मंडळ : आंबेनळी घाटाखालच्या पोलादपूर-महाडच्या वाड्यांतून गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांची, चाळीतल्या गावकीच्या खोलीत उभी राहिलेली बिनपगारी संघटना. अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार पाळी संपवून रात्री वर्गणीची वही उघडत. याला नुसती हौस म्हणणे अन्यायाचे आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या तरी मंडळे टिकली, कारण पदाधिकाऱ्याला पगाराची आस नव्हती आणि हिशेबाची धास्ती मात्र होती : शिमग्याला गावी गेले की भर बैठकीत पै-पैचा जाब द्यावा लागे. ग्रामपंचायत असताना मंडळ कशाला, हा आक्षेप पोकळ वाटतो. गटग्रामपंचायतीत अनेक वाड्या एकत्र येतात. एखाद्या वाडीचे देऊळ, पाखाडी, आजाऱ्याला डोलीतून खाली नेणारी माणसे यांची सोय शेवटी गावकीलाच करावी लागते. दुसरा आक्षेप जड आहे. मे महिन्यात हंडा घेऊन झऱ्यावर ताटकळणाऱ्या बाईला कार्यकारिणीत सहसा खुर्ची नसते, आणि टाकी कुठे बांधायची ते परळमध्ये (अलीकडे बहुधा नालासोपारा नाहीतर दिव्यात) ठरते. मात्र त्यासाठी मंडळ मोडायची गरज नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या मंडळाला आपली घटना बदलून गावातल्या बायकांना मताचा हक्क देता येतो.