पाण्यातला माणूस जमिनीवर धावतो तेव्हा

आजच्या धाग्यात राजे नाहीत, तह नाहीत. एक पैज आहे, एक विहीर आहे आणि वेळापूरजवळचा एक उतार आहे.

सोलापूर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या पोहणे शिकले गेले ते विहिरीत. कमरेला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधायचे आणि थोरल्या भावाने काठावरून ढकलून द्यायचे. काही दिवसांत तेच पोर मुटके मारू लागे. धावण्याची शिकवणी मात्र कोणी घेतली नाही. धावणे सर्वांना उपजतच येते, असा आपला समज. हा समज किती अपुरा आहे, हे जन्मभर पोहलेल्या माणसाला धावू लागल्यावर कळते.

मराठी माणसांतले याचे सर्वांत ठळक उदाहरण मिलिंद सोमण यांचे. रूपेरी पडद्यामुळे त्यांची मूळ ओळख झाकोळली. १९८० च्या दशकात ते राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते. १९८४ साली काठमांडूला झालेल्या पहिल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. धावण्याचा आपल्याला तिटकारा होता, हे त्यांनीच मुलाखतींतून सांगितले आहे. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि वयाच्या ३८ व्या वर्षी ते अर्धमॅरेथॉन धावले.

यात अवघड ते काय? जलतरणपटूचे हृदय आणि फुप्फुसे तर कसलेली असतात! अडचण नेमकी तिथेच आहे. पाणी शरीराचा भार पेलते, त्यामुळे वर्षानुवर्षे पोहूनही हाडांना आणि स्नायुबंधांना आघाताची सवय होत नाही. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार पायावर येतो. हृदय म्हणते, अजून वेग वाढव. नडगी म्हणते, थांब. दम लागत नाही म्हणून माणूस वेग वाढवत जातो आणि काही आठवड्यांत पाय धरून बसतो. धावणे नव्याने सुरू करणाऱ्या सामान्य माणसाला धाप लागते व तो आपोआप थांबतो. जलतरणपटूला ते संरक्षण नसते.

आता पैजेकडे वळू. १९७७ साली हवाई बेटांवर एका धावण्याच्या शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद पेटला : अधिक तंदुरुस्त कोण, पोहणारे की धावणारे? अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी तोडगा सुचवला. तिथल्या तीन स्थानिक शर्यती एकामागोमाग जोडाव्यात : सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणे. जो प्रथम येईल तो ‘आयर्नमॅन’. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला तो गॉर्डन हॅलर, मॅरेथॉनमध्ये मुरलेला गडी. पहिली फेरी धावणाऱ्यांची झाली.

खरा निकाल मात्र पुढे लागला, तोही अनपेक्षित रीतीने. १९८० साली ही शर्यत डेव्ह स्कॉट याने जिंकली. तो कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावचा पोहण्याचा प्रशिक्षक आणि वॉटरपोलोचा खेळाडू. १९८७ पर्यंत त्याने सहा विजेतेपदे मिळवली. त्याचा प्रतिस्पर्धी मार्क ॲलन हाही लहानपणापासूनचा जलतरणपटू. सहा वेळा प्रयत्न करूनही त्याला ही शर्यत जिंकता आली नव्हती.

ॲलनची गोष्ट थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. पोहण्याच्या तालमीतून त्याने एकच धडा घेतला होता : जितके दुखेल तितका लाभ. तो जमिनीवरही तसाच जीव तोडून धावे आणि वारंवार जायबंदी होई. फिल मॅफेटोन या प्रशिक्षकाने त्याला हृदयाचे ठोके मिनिटाला १५५ च्या वर जाऊ न देता धावायला सांगितले. किलोमीटरला साधारण साडेतीन मिनिटांच्या वेगाने सराव करणारा ॲलन त्या मर्यादेत पाच मिनिटांहूनही मंद झाला. नामांकित खेळाडूला हे केवढे लाजिरवाणे वाटले असेल! पण त्याने ते सोसले. सुमारे वर्षभराने तेवढ्याच ठोक्यांत तो किलोमीटरला ३ मिनिटे २० सेकंदांनी धावू लागला.

१४ ऑक्टोबर १९८९ रोजी कोना येथे हे दोघे जवळजवळ आठ तास खांद्याला खांदा लावून चालले होते. मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यातल्या चढावर ॲलन सुटला आणि ५८ सेकंदांनी जिंकला. पोहणारे श्रेष्ठ की धावणारे, या वादाची सर्वांत गाजलेली लढत दोन पोहणाऱ्यांमध्ये झाली आणि तिचा फैसला धावण्यात लागला!

पायांना आधी संथपणे तयार करायचे आणि मग धावायचे, ही रीत आपल्या जिल्ह्याला परकी नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघून माळशिरस तालुक्यात वेळापूरजवळ येते, तेव्हा वारकरी उतारावरून ‘धावा’ करतात. तुकोबांना इथून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरीच्या ओढीने धावत सुटले, असे परंपरा सांगते. त्या धाव्यात साठी-सत्तरीचे म्हातारेही असतात. आपण त्यांच्या भक्तीचे कौतुक करतो, ते योग्यच; पण त्यांच्या पायांनी तोवर सुमारे दोन आठवडे कोसच्या कोस चाल केलेली असते, हे विसरतो. (पुढे वाखरीअलीकडे बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण होते. विहीर आणि धावणे यांची गाठ आमच्याकडे अशीही पडते.)

सोमणांच्या वाटचालीतही हाच धिमेपणा दिसतो. २००४ च्या अर्धमॅरेथॉननंतर आठ वर्षांनी, २०१२ मध्ये, ते दिल्ली ते मुंबई हे १,५०० किलोमीटरचे अंतर ३० दिवसांत धावले. २०१५ च्या जुलैत, पन्नाशीला काही महिने उरले असताना, त्यांनी झुरिकची आयर्नमॅन शर्यत १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. हॅलरपेक्षा साडेतीन तास अधिक. त्यावरून काहींनी नाके मुरडली. मला ती वेळ गैरलागू वाटते.

२०१७ मध्ये फ्लोरिडातील अल्ट्रामॅन शर्यतीत त्यांनी तीन दिवसांत सुमारे ५१७ किलोमीटर पार केले. त्यातले पोहणे होते १० किलोमीटर, म्हणजे त्यांच्या मूळ खेळाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी. शेवटच्या दिवशीचे ८४ किलोमीटर ते धावले, अनवाणी.