तारेच्या पुलाची गोष्ट

शालेय विज्ञान प्रदर्शनातील इलेक्ट्रॉनिक प्रकल्प जवळून पाहिला, तर बोर्डावरील घटकांच्या मधूनमधून उघड्या तारेचे आखूड तुकडे बसवलेले दिसतात. यांना जंपर म्हणतात. पाहणाऱ्याला ती मागाहून लावलेली ठिगळे वाटू शकतात आणि नीटनेटकेपणाचे गुण कापले जाऊ शकतात. हे न्याय्य आहे का? त्यासाठी थोडे इतिहासात डोकावू.

पूर्वी रेडिओतील घटक धातूच्या सांगाड्यावर बसवून तारांनी एकेक करून जोडत. तारांवर आवरण असे, त्यामुळे त्या एकमेकींवरून गेल्या तरी बिघडत नसे. मूळचे व्हिएन्नाचे आणि १९३६ मध्ये इंग्लंडला आलेले अभियंते पॉल आइस्लर यांनी निराळा मार्ग काढला. विद्युतरोधक पत्र्यावर तांब्याचा पातळ थर चिकटवायचा व नको असलेले तांबे रसायनाने काढून टाकायचे. त्यांनी १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. जोडकाम सोपे झाले, पण जुनी सोय गेली. एकाच पृष्ठभागावरचे दोन मार्ग एकमेकांना ओलांडू लागले, की ते जोडलेच जातात!

ही अडचण हस्तकौशल्याची नाही, गणिताची आहे. वर्गात हे कोडे घाला: तीन घरे आणि पाणी, गॅस व वीज यांची तीन केंद्रे. प्रत्येक घर प्रत्येक केंद्राशी जोडायचे, पण रेषा छेदता कामा नयेत. आठ रेषा जमतात, नववी अडते. कोणत्या आकृत्या अशा छेदाविना काढता येतात, याचा नेमका निकष पोलिश गणिती कुराटोव्स्की यांनी १९३० मध्ये दिला. नववी रेषा हवीच असेल, तर पूल बांधावा लागतो. जंपर हा तो पूल.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील व्हेरो प्रिसिजन इंजिनिअरिंग या कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'व्हेरोबोर्ड' तयार केला. एकाच दिशेने जाणाऱ्या तांब्याच्या समांतर पट्ट्या आणि त्यांत समान अंतरावर भोके. प्रत्येक परिपथासाठी वेगळा बोर्ड करण्याची गरज उरली नाही. पुढे आयसीच्या पायांमधील ०.१ इंच, म्हणजे २.५४ मिमी, हेच भोकांचे प्रचलित अंतर झाले. मात्र पट्ट्या आडव्याच असल्याने उभी जोडणी घटकाने किंवा जंपरनेच करावी लागते. म्हणजे येथे जंपर ही रचनेतच गृहीत धरलेली गोष्ट आहे.

तो करावा कसा? कथिल चढवलेली, सुमारे ०.६ मिमी जाडीची तांब्याची तार घ्यावी. एक टोक शेगड्यात धरून दुसरे पकडीने हळूच ताणले, की तार सरळ होते. भोकांमधील अंतरे मोजावीत. पाच अंतरे म्हणजे १२.७ मिमी. तेवढ्या मापावर दोन्ही टोके काटकोनात वाकवून, तांबे नसलेल्या बाजूने घालून सोल्डर करावीत. एक जंपर दुसऱ्यावरून जाणार असेल, तर त्यावर प्लॅस्टिकची नळी चढवावी. जंपर आधी बसवावेत, उंच घटक नंतर.

तेव्हा जंपर दिसताच गुण कापू नयेत. 'हा काढला तर कोणते दोन मार्ग तुटतील?' असे विचारावे. उत्तर देणाऱ्याला परिपथ समजला आहे, हे नक्की.